मांजराला विटाळ नाही

"विमा उतरवलेल्या मांजराच्या गळ्यात कंपनीचा क्रमांक असलेला चामडी पट्टा अहोरात्र असला पाहिजे, असा नियम आहे."

भीमाचार्यांनी हे वाक्य रविवारी सकाळी, बसवनगुडीतल्या घराच्या मधल्या खोलीत, ताकाचा पेला खाली ठेवता ठेवता उच्चारले. वाक्य म्हणून ते निर्दोष होते; सरकारी वाक्ये बहुधा असतात. पण सुटे करून पाहिले तर त्यातला एकही भाग स्वतःच्या पायावर उभा राहत नव्हता. पट्टा मांजराची ओळख पटवण्यासाठी, असे म्हणावे, तर पट्टा केवळ पट्ट्याची ओळख पटवतो. मेलेल्या मांजराच्या गळ्यातून तो काढून जिवंत मांजराच्या गळ्यात अडकवणे कोणाही सज्जन गृहस्थाला अवघड नाही. कंपनीचा आजवरचा अनुभव म्हशींचा. म्हशीच्या कानात ठोकलेला बिल्ला म्हशीला सहसा सोडून जात नाही, यावरून मांजराच्या गळ्याबद्दलही तिने तोच विश्वास बाळगला असावा. 'अहोरात्र' म्हणावे, तर रात्री मांजर कुठे असते हे मांजराखेरीज कोणाला ठाऊक नसते, आणि त्यासाठी निरीक्षक नेमल्याचे कोणी ऐकले नव्हते. उरले 'असा नियम आहे'. नियम कोणी केला, कुठे लिहिला, कोणाला दाखवला, यांतले काहीही न सांगता तो 'आहे'. मरण जसे आहे, तसा.

आचार्य या घराचे पुरोहित. इथल्या प्रत्येक श्राद्धाला मानाच्या पाटावर तेच बसत आले होते. अलीकडे दुपारनंतर धोतर बदलून, पँट चढवून ते विम्याचे एजंटही होत. सकाळी परलोकाची व्यवस्था, दुपारी इहलोकाची. हप्ता चुकला तर काय होते हे ते दोन्ही ठिकाणी सारख्याच गांभीर्याने सांगत. फरक इतकाच की सकाळच्या वाक्यांचा शेवट 'असं शास्त्र आहे' असा होई आणि दुपारच्या वाक्यांचा 'असा नियम आहे' असा. आज रविवार असल्यामुळे सकाळ आणि दुपार एकाच बैठकीत आल्या होत्या.

वाक्यातला एक शब्द दुसऱ्या कोणत्याही घरात नुसता येऊन गेला असता. या घरात तो उंबरठ्यावर अडला. 'चामडी'.

उंबरठ्याच्या आत, मागच्या स्वयंपाकघरात, भागीरथीबाई मडीत बसल्या होत्या. मडी म्हणजे पुण्याकडचे सोवळे, असे या घरची सून प्रणिता हिने लग्नानंतर स्वतःला समजावले होते. पहाटे नाहायचे, कोणाचा हात न लागलेले लुगडे नेसायचे, स्वतःचे स्वतः रांधायचे आणि जेवण होईपर्यंत कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. पुढे तिच्या लक्षात आले की हे भाषांतर अपुरे आहे. पुण्यातल्या तिच्या आजीचे सोवळे दुपारी उतरत असे. भागीरथीबाईंची मडी उतरत नसे. तरुणपणीच नवरा गेल्यावर त्या धाकट्या भावाच्या, भगवंतरावांच्या, घरी आल्या, आणि तेव्हापासून मागच्या स्वयंपाकघरात त्यांचे स्वतंत्र राज्य होते. जेवणानंतर त्यांना शिवायला शास्त्राची हरकत नव्हती. पण सवय शास्त्रापेक्षा कडक निघाली. दुपारीही त्यांना कोणी शिवत नसे, आणि कोणी शिवत नाही याचे एक प्रतिष्ठित कारण उपलब्ध असल्यामुळे कोणाला त्याचे वाईटही वाटत नसे.

एक जीव अपवाद होता. कप्पू. कानडीत कप्पू म्हणजे काळा, आणि तो तसाच होता, शेपटीच्या टोकापर्यंत. मांजराला विटाळ नाही, असं शास्त्र आहे. वाऱ्याला जसा नाही तसा. त्यामुळे कप्पू उंबरठा ओलांडून चुलीपर्यंत जाई, भागीरथीबाईंच्या पायांना अंग घाशी, त्या विळीवर बसल्या की पदराच्या खोळीत शिरून झोपे. भरल्या घरात त्यांच्या अंगाला लागणारी तेवढीच एक उबदार वस्तू होती. दुसरे मांजर पुट्टी. ती म्हातारी होती, दिवसभर कंपाउंडच्या भिंतीवर पडून असे आणि घरातल्या कोणत्याही पक्षात नसे.

"आणि पट्टा घातलेलं मांजर मडीत चालतं का, आचार्य?" भागीरथीबाईंनी आतून विचारले.

आचार्यांनी विचार केल्यासारखे दाखवले. "चामडं आलं की नाही चालत, भागक्का. असं शास्त्र आहे."

एकाच तोंडाने पट्टा घालायला लावला होता आणि त्याच तोंडाने पट्टा घातलेल्याला दार बंद केले होते. पट्टा त्यांनी बरोबरच आणला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचे टोक दोन बोटांत धरून त्यांनी ती आणली आणि जमिनीवर, स्वतःपासून हातभर दूर, ठेवली होती. चामडे विकण्याला विटाळ नसावा, धरण्याला असावा.

*

विम्याची गोष्ट मुळात अक्कांनीच, म्हणजे भागीरथीबाईंनीच, काढली होती, आणि भगवंतरावांना नेमके तेच खटकत होते.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या कुत्र्याने कप्पूला पाठीवर धरले. तो फरफटत मागच्या दाराशी आला. अक्का मडीतून बाहेर आल्या नाहीत; उंबरठ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "भगवंता, स्वल्प बघ रे याला." भगवंतराव म्हणाले, "बघू." नोकरीत असताना या एका शब्दावर त्यांनी कित्येक प्रकरणे आपोआप मिटवली होती. हेही मिटत आले होते. संध्याकाळी मुलगा हयवदन ऑफिसातून आला, त्याने ते गाठोडे रिक्षात घातले आणि मल्लेश्वरमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. तिथे जखम कापून, साफ करून, शिवावी लागली. आणखी उशीर झाला असता तर आणलंच नसतं तरी चाललं असतं, असे बाई म्हणाल्याचे हयवदनने घरी येऊन सांगितले. बापाकडे न बघता सांगितले. बिल त्याने दिले, आणि ते किती झाले हे त्या दिवसापासून घरात कोणी कोणाला विचारले नव्हते. त्यामुळे ते प्रत्येकाच्या मनात वेगवेगळ्या आकड्याने वाढत होते.

मग आचार्य एका श्राद्धाला आले असताना सहज बोलून गेले की कंपनीने गुरांपाठोपाठ कुत्री घेतली, आता मांजरेही घेते आहे. दवाखान्याचा खर्च भरून मिळतो. अक्कांनी आतून ते ऐकले आणि पुढच्याच एकादशीला भावाला म्हणाल्या, उतरवून टाक.

सचिवालयात जन्म काढलेल्या भगवंतरावांना एवढे पक्के कळत होते की ज्या कागदाला कोणी ढकलत नाही तो हलत नाही. आयुष्यात कशाचीही मागणी न केलेल्या अक्का मागणी करतात, आचार्य आधीच सांगून ठेवल्यासारखे तत्परतेने पट्टा घेऊन हजर होतात, आणि तो पट्टा नेमका असा निघतो की त्याने अक्कांचेच दार लागते. कोणीतरी ढकलत होते. अक्कांना या घरातून हलवायचे असेल तर याहून सभ्य मार्ग नव्हता. मांजर आत येईना झाले की त्या चार दिवस बोलणार नाहीत, मग होसकोट्याच्या दुसऱ्या भावाकडे जाते म्हणतील, आणि मागचे स्वयंपाकघर मोकळे होईल.

मोकळे झालेले स्वयंपाकघर कोणाला हवे होते? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी प्रणिताने एकदा विचारले होते की वॉशिंग मशीन मागे ठेवता येईल का. उत्तर कोणी दिले नव्हते. प्रश्न कोणी विसरलेही नव्हते.

*

"कापडाचा नाही चालणार?" हयवदनने विचारले.

"कापड मांजर फाडतं."

"मग नायलॉनचा," प्रणिता म्हणाली. ती खांबाला टेकून उभी होती. "आमच्या ऑफिसात एकांचा कुत्रा आहे, त्याचा नायलॉनचाच आहे. आणि त्याचाही विमा आहे, ॲक्चुअली."

"कुत्र्याचं वेगळं, मांजराचं वेगळं. चामड्याचाच म्हणालेत."

"कोण म्हणालेत?"

आचार्यांनी पेला उचलला आणि प्यायले. पेला मघाशीच रिकामा झाला होता, हे खोलीतल्या सगळ्यांनी पाहिले होते.

हयवदनला वाटले, यात कमिशन आहे. पट्टे विकणाराही आचार्यांचा कोणीतरी असणार. असे वाटून तो जरा सैलावला. लबाडी पैशाची असली की त्याला घरातली माणसे बरी वाटत. तेवढ्यात आचार्यांनी पुट्टीचे वय थोडे कमी लिहू, असे सुचवले, म्हणजे कंपनी खळखळ करणार नाही.

"पुट्टी माझ्या मुंजीच्या फोटोत आहे, आचार्य," हयवदन म्हणाला.

"फोटो कोण मागतंय?"

"विमा हा पूर्ण विश्वासाचा करार आहे, असं तुम्हीच मघाशी म्हणालात," प्रणिता म्हणाली. "काही लपवायचं नाही, असं."

"कंपनीशी विश्वासाचा, अम्मा. मांजराच्या वयाशी नव्हे."

"बरं. मग चामड्याचं कंपनीनं सांगितलं का, तेवढंच सांगा."

पुण्याहून आलेल्या मुलींना प्रश्न संपला हे कळत नाही, अशी या घराची जुनी तक्रार होती. आचार्यांनी छताकडे पाहिले, मग पिशवीकडे पाहिले. "नियम पट्ट्याचा आहे," ते म्हणाले. "चामड्याचाच असू दे, असं घरातूनच कळवलं होतं. मला वाटलं तुमचं सगळ्यांचं ठरून झालंय. सरी, असू दे म्हटलं, मी कशाला मध्ये पडू?"

नियमाला असा अचानक कर्ता मिळाला, आणि तो खोलीतच कुठेतरी बसलेला किंवा उभा होता.

सगुणाबाईंनी, भगवंतरावांच्या पत्नीने, कॉफीचे पेले गोळा करायला सुरुवात केली. आतून भागीरथीबाईंच्या पळीचा आवाज थांबला. भगवंतरावांची नजर हळूहळू पुढच्या दाराकडे गेली. तिथे चपलांच्या वर एक खिळा होता आणि खिळ्याला प्रणिताची चामड्याची पर्स लटकत होती. ती पर्स मधल्या खोलीत आणायची नाही, हे लग्नाच्या आठवड्यातच ठरले होते, आणि त्या दिवसापासून या घरात चामडे आणि प्रणिता हे दोन शब्द शेजारी राहत होते. भगवंतरावांच्या कमरेचा पट्टाही चामड्याचाच होता. पण तो त्यांच्या कमरेला असल्यामुळे विचाराधीन नव्हता.

"या घरात आजवर असल्या वस्तू कुणी आणल्या नव्हत्या," ते म्हणाले. नाव घेतले नाही. नाव न घेण्यात त्यांची हयात गेली होती.

प्रणिताने नवऱ्याकडे पाहिले. हयवदन पिशवीकडे पाहत होता. तिला राग आला नाही; फक्त काहीतरी नोंदवल्यासारखे वाटले.

"बाबा," ती म्हणाली, "मांजर आत जाऊ नये असं मला वाटत असतं, तर मी दार लावलं असतं. एवढा खटाटोप कशाला केला असता? मला येतं दार लावता."

"मी तुझं नाव घेतलं का?"

"नाही. पर्सकडे बघितलंत."

"तिला काही बोलू नका," सगुणाबाई मध्येच म्हणाल्या. हातात पेले तसेच होते. "घालून तरी बघा एकदा. बसत नसेल तर वादच नको."

सासू आपली बाजू घेते आहे, याचे प्रणिताला आश्चर्य वाटले. कृतज्ञताही वाटली. दोन्ही भावना पुढच्या थोड्या वेळात निरुपयोगी ठरणार होत्या.

*

कप्पू व्हरांड्यात रविवारच्या पुरवणीवर झोपला होता. हयवदनने पुडी सोडली, पट्टा काढला, आणि मागून जाऊन कप्पूला धरला. कप्पूने त्याच्या मनगटावर उभ्या तीन रेघा ओढल्या आणि तो खुर्चीखाली गेला. रिक्षात घालून जीव वाचवला त्या हाताची त्याने काही ओळख ठेवली नव्हती.

"उपकार लक्षात ठेवायला तो माणूस आहे का," आचार्य म्हणाले. विनोद करण्याची संधी मिळाल्याने ते जरा सावरले होते.

प्रणिताने बशीत दूध घातले. कप्पूने दूध प्यायले, पट्टा जवळ येताच तिच्या हातातून पाण्यासारखा निसटला आणि मधल्या खोलीत येऊन शेपटी हलवत उभा राहिला. भगवंतरावांनी प्रयत्न केला नाही. त्यांनी, "बघू," असे म्हटले.

सगुणाबाई पेले ठेवून आल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी हात पुढे करून पट्टा मागितला. त्यांनी कप्पूला बोलावले नाही. कप्पू आपणहून आला, त्यांच्या मांडीवर चढला, एकदा गोल फिरला आणि बसला. ज्या रीतीने माणूस नेहमीच्या खुर्चीत बसतो, तसा. त्यांनी एका बोटाने त्याच्या गळ्याखालचे केस वर सारले, पट्टा फिरवला, टोक बकलात घातले. पट्ट्याला एकच भोक होते. खिळी त्यात बरोबर गेली. सैल नाही, घट्ट नाही. कप्पूने डोळे मिटले आणि त्याची घरघर सुरू झाली. खोली इतकी शांत होती की ती उंबरठ्याच्या आत ऐकू गेली.

प्रणिता त्या भोकाकडे पाहत राहिली. दुकानातल्या पट्ट्याला भोकांची ओळ असते, कारण दुकानाला गळा ठाऊक नसतो. हा पट्टा गांधी बाजारातल्या एखाद्या चांभाराने कोणाच्या तरी सांगण्यावरून, एका आणि एकाच गळ्यासाठी केला होता. या घरात कप्पूच्या गळ्यापर्यंत कोणाचे हात पोचत होते, हे आता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. पण डोळ्यांसमोरचे पाहण्याची या घराला सवय नव्हती. भगवंतराव अजून खिळ्यावरच्या पर्सकडेच अधूनमधून पाहत होते. आचार्य तर कोणाकडेच पाहत नव्हते.

*

भागीरथीबाईंनी उंबरठ्याच्या आतून सगळे पाहिले. पट्ट्याच्या भोकाकडे त्यांचे लक्ष गेले नाही. त्यांचे लक्ष घरघरीकडे गेले.

तो आवाज त्यांचा होता, अशी त्यांची समजूत होती. सकाळची भाजी चिरताना, पदराच्या आत, पोटाशी येणारा तो आवाज. तो दुसऱ्या कोणाच्या मांडीवरही येतो, हे त्यांना या वयात, असे सगळ्यांसमोर, कळावे, याची त्यांना लाज वाटली. मग लाज वाटण्यासारखे काय आहे, हे कळेना.

कप्पू मांडीवरून उतरला. आळस दिला. गळ्यातल्या पितळी चकतीचा बारीक आवाज करत तो नेहमीच्या वाटेने निघाला. मधली खोली, जोत्याची पायरी, उंबरठा. विमा, नियम, शास्त्र यांपैकी काहीही त्याला कोणी कळवले नव्हते. तो आत आला आणि त्यांच्या पायांकडे वळला.

त्या मागे सरकल्या. तो आणखी पुढे आला. त्यांनी लुगड्याचा घोळ गोळा करून गुडघ्यांशी धरला आणि त्या उठल्या, चुलीला वळसा घालून भिंतीपर्यंत गेल्या, आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. कप्पूला हा खेळ वाटला. तो शेपटी उभी करून त्यांच्यासमोर बसला आणि वर पाहून एकदा ओरडला. त्यांचा एक हात आपोआप खाली गेला आणि अर्ध्यावर थांबला. माणसांपासून अंग चोरण्यात त्यांचे आयुष्य गेले होते; त्यात त्या निष्णात होत्या. मांजरापासून अंग कसे चोरायचे हे त्यांना येत नव्हते.

"हयवदना," त्या म्हणाल्या, "ने रे याला."

हयवदनला आत येता येत नव्हते. त्याने उंबरठ्यावरून वाकून, हात लांबवून, कप्पूला मानेच्या कातड्याला धरून ओढला आणि बाहेर ठेवला. कप्पू तिथेच बसला, उंबरठ्याच्या या बाजूला, भिंतीला टेकलेल्या सगुणाबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून, आणि दोघेही आत पाहू लागली.

भागीरथीबाई पुन्हा पाटावर येऊन बसल्या. पळी उचलली, खाली ठेवली.

"विमा उतरव, भगवंता," त्या म्हणाल्या. "दोघांचाही. पुट्टीचं वय खरं असेल तेच लिही."

"अक्का, मग हा आत..."

"ऐकलं मी. बाहेर राहील. उद्यापासून हे दार लोटून घेत जा, म्हणजे त्याला फसल्यासारखं वाटायला नको." पुढे त्यांनी जे म्हटले ते भावाकडे पाहून म्हटले, आणि त्यात ना आवाज चढला ना उतरला. "त्या दिवशी तू 'बघू' म्हणालास. तो इथे या पायरीवर रक्तात पडला होता आणि मी उन्हं उतरेपर्यंत तुझ्या 'बघू'ची वाट बघत होते. मला बाहेर पडून रिक्षा करता येत नाही. हातात काही नसतं. पुन्हा असं झालं तर कुणाला विचारायला लागू नये, एवढंच. जीव राहू दे त्याचा. मला काय, इथून दिसतो."

भगवंतरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडले. त्यांना एकच शब्द सुचला, आणि तो आता वापरता येत नव्हता.

*

सगुणाबाईंनी ही सकाळ मनात पुष्कळदा पाहिली होती. त्यात अक्का चिडत. चामडं घातलेलं माझ्या मडीत नको, म्हणत. विमा नको, म्हणत. आणि मग घरातल्या सगळ्यांना दिसे की यांना मांजराच्या जिवापेक्षा मडी मोठी आहे, माणसाच्या मनापेक्षा तर आहेच. तेवढे दिसले की पुरे होते. त्यानंतरचे त्यांनी पाहिले नव्हते. अक्का भिंतीपर्यंत मागे सरतील, हात अर्ध्यावर थांबवतील, आणि मग स्वतःहून दार लोटायला सांगतील, हे त्या चित्रात कुठेच नव्हते. एखाद्याचे हरणे इतके जवळून पाहायचे असते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

गुडघ्याला कप्पूची ऊब लागत होती. तो अजून आत पाहत होता.

प्रणिता त्यांच्यासमोर येऊन खाली बसली. तिने पट्ट्यात बोट घालून पाहिले; बोट जेमतेम जात होते. ज्या सुनेवर अख्ख्या सकाळचा संशय न बोलता लादला गेला होता, तिच्या आवाजात सूड नव्हता. असता तर उत्तर देणे सोपे गेले असते.

"आई," ती म्हणाली, "याच्या गळ्याचं माप कुणी दिलं?"

"माप कसलं माप," भगवंतराव म्हणाले. "सगुणाला काय करायचंय असल्या..." आणि तिथे ते थांबले, कारण आचार्य उठून दाराशी आपल्या चपला शोधू लागले होते. त्या चामड्याच्या होत्या.

सगुणाबाईंनी उंबरठ्याच्या आत पाहिले. त्या जे म्हणाल्या ते पुढे या घरात अनेकांनी अनेक प्रकारे सांगितले. भगवंतरावांनी ते होसकोट्याला सांगताना मवाळ केले, आचार्यांनी इतर घरी सांगताना तिखट केले, आणि हयवदनने ते कधीच सांगितले नाही. म्हणून त्यांचे शब्द होते तसे इथे ठेवले आहेत:

"मी दिलं. फुलं गुंफायचा दोरा घेऊन मोजलं, हा माझ्या मांडीवर झोपला होता तेव्हा. चामड्याचाच करा, असं आचार्यांना मीच सांगितलं. प्रणिताला यातलं काही ठाऊक नाही. तिच्या पर्सकडे बघू नका. अक्का, हा रोज दुपारी माझ्या मांडीवर निजतो आणि तिथून उठून सरळ तुमच्या पदरात येतो. त्याच्यावर कुणी पाणी शिंपडत नाही. मी निवडून ठेवलेल्या भाजीवर तुम्ही अजून पाणी शिंपडता. माझी आई गेल्याची तार आली तेव्हा तुम्ही मडीत होतात. तिथूनच म्हणालात, रडू नको सगुणा. तेव्हासुद्धा तुमच्या हातात मांजर होतं, याचीच आजी-पणजी कुणीतरी. मला तुम्हाला घालवायचं नव्हतं. विमा व्हावा असंही मला वाटत होतं. फक्त एकदा हा उंबरठ्याच्या बाहेर, माझ्या शेजारी, माझ्यासारखा बसलेला मला बघायचा होता. बघितला. आता तो पट्टा काढा."